पत्राखालचा पत्ता

मासिक हाती आले की ते शेवटच्या पानाकडून उघडणारे काही वाचक असतात. कथा, कविता, लेख हे सारे मागाहून. आधी ‘वाचकांची पत्रे’. गेल्या अंकातील कथेबद्दल कोणी काय लिहिले, कोणाचे म्हणणे संपादकांनी खोडून काढले आणि आपले पत्र छापून आले की नाही, हे पाहिल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. या सदरात काही नावे महिन्यामागून महिने पुनःपुन्हा भेटतात. त्यांचे धनी लेखक नसतात आणि संपादकही नसतात. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्यासाठी सहसा एक ओळही राखून ठेवलेली नसते. परंतु एका वाङ्मयप्रकाराचा इतिहास असा आहे की, या पत्रलेखकांची दखल घेतल्यावाचून तो सांगताच येत नाही. तो प्रकार म्हणजे अमेरिकेतील विज्ञानकथा. श्रोतेहो, आज मी आपणांस सांगणार आहे ती हकीकत या विज्ञानकथांच्या हौशी पत्रलेखकांची आहे.

हिचा आरंभ ह्यूगो गर्न्सबॅक या गृहस्थांपासून होतो. त्यांचा जन्म १८८४ साली लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात झाला. १९०४ साली ते अमेरिकेत गेले आणि विजेची व बिनतारी यंत्रांची सामग्री विकण्याचा व्यवसाय त्यांनी मांडला. १९०८ साली त्यांनी ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ नावाचे मासिक काढले, १९०९ साली हौशी बिनतारीवाल्यांची एक संस्था उभारली आणि १९२५ साली तर न्यूयॉर्क शहरात स्वतःचे नभोवाणी केंद्रही सुरू केले. आपापल्या घरी, माळ्यावर किंवा तळघरात बसून दूरच्या अनोळखी माणसाला साद घालणारी आणि उत्तराची वाट पाहणारी तरुण मंडळी त्यांनी जवळून पाहिलेली होती. एप्रिल १९२६ मध्ये त्यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले इंग्रजीतील हे पहिले मासिक होय. किंमत पंचवीस सेंट, कागद जाडाभरडा आणि मुखपृष्ठ असे भडक की सभ्य गृहस्थाने ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यावे!

जानेवारी १९२७ पासून या मासिकात ‘डिस्कशन्स’ म्हणजे ‘चर्चा’ या नावाचे सदर सुरू झाले. त्यात वाचकांची पत्रे येत. पत्रे छापणे ही काही नवी गोष्ट नव्हती. महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती, आणि ती वरवर पाहता क्षुल्लक वाटते. गर्न्सबॅक पत्राखाली लिहिणाऱ्याच्या नावाबरोबर त्याचा पुरा पत्ताही छापू लागले. आज कोणी संपादक असे धाडस करणार नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या काळी पत्राखालच्या त्या दोन ओळींनी जे घडवून आणले, ते मासिकातील कथांना साधले नव्हते.

त्या काळच्या वाचकाची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. एखाद्या गावात विज्ञानकथा वाचणारा मुलगा बहुधा एकटाच असे. घरच्या माणसांना ती मासिके म्हणजे पैशाचा व वेळेचा अपव्यय वाटे. शाळेत तर त्यांचे नावही काढण्याची सोय नसे. चंद्रावरचा प्रवास, मंगळावरची वस्ती, परमाणूच्या पोटातील शक्ती यांविषयी बोलावे कोणाशी? अशा मुलाला एके दिवशी छापील पानावर दिसे की, चारशे मैलांवरच्या दुसऱ्या एका गावात आपल्यासारखाच कोणी आहे आणि अमुक रस्त्यावर अमुक क्रमांकाच्या घरात तो राहतो. मग तो संपादकाला मध्ये न घेता सरळ त्या मुलालाच पत्र लिही. महाराष्ट्रापासून दूर राहून टपालाने येणाऱ्या मराठी मासिकाची वाट पाहिलेल्या आपल्यासारख्या वाचकांना या एकटेपणाची आणि या आनंदाची कल्पना सहज यावी.

१९२९ साली गर्न्सबॅक यांच्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि ‘अमेझिंग’ त्यांच्या हातून गेले. परंतु त्यांनी लगेच दुसरी मासिके काढली. जानेवारी १९३० मध्ये ‘अस्टाउंडिंग’ हे प्रतिस्पर्धी मासिकही निघाले. पत्रांसाठी आता अनेक दारे उघडी झाली, आणि प्रत्येक दारात तीच ती मंडळी उभी दिसू लागली. शिकागोचा जॅक डॅरो हा त्यांतील अग्रणी. हे त्याचे टोपणनाव होते. पण त्या नावाचे पत्र नाही असा अंक शोधावा लागे. त्याच्याशी बरोबरी करणारा दुसरा म्हणजे लॉस एंजेलिसचा फॉरेस्ट अॅकरमन. १९१६ साली जन्मलेल्या या मुलाचे पहिले पत्र १९२९ साली छापून आले, तेव्हा तो जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. कोणती कथा पहिल्या प्रतीची, कोणती टाकाऊ, चित्रकार कोण असावा, मासिकाच्या कडा नीट कापलेल्या का नसतात, असा एकही विषय या मंडळींनी सोडला नाही.

या पत्रांतूनच पुढे मंडळे निघाली. विज्ञानविषयक पत्रव्यवहारासाठी स्थापन झालेल्या एका मंडळाने मे १९३० मध्ये ‘द कॉमेट’ म्हणजे ‘धूमकेतू’ नावाचे हौशी पत्र काढले. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले पहिले नियतकालिक म्हणून ते ओळखले जाते. त्याचे संपादक होते रेमंड पामर. आठ वर्षांनी, म्हणजे १९३८ साली, हेच पामर खुद्द ‘अमेझिंग स्टोरीज’चे संपादक झाले. क्लीव्हलँड शहरात जेरी सीगल या मुलाने १९३२ साली असेच एक सायक्लोस्टाइल केलेले मासिक काढले, आणि त्याची चित्रे काढली त्याचा मित्र जो शूस्टर याने. या दोघांनी पुढे ‘सुपरमॅन’ निर्माण केला आणि १९३८ साली तो जगापुढे आला. पत्रांच्या पानावर उमेदवारी करून मुख्य पानावर जाण्याचा मार्ग असा तयार झाला.

या मार्गाने गेलेला सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे आयझॅक असिमोव्ह. त्याच्या वडिलांचे ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचे दुकान होते आणि त्या दुकानात मासिकेही विकावयास ठेवलेली असत. कथांची असली मासिके मुलाने वाचू नयेत अशी वडिलांची सक्त ताकीद होती. परंतु एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द आहे असे मुलाने दाखवून दिले आणि परवानगी मिळवली. १९३५ साली त्याचे पहिले पत्र ‘अस्टाउंडिंग’मध्ये आले. १९३८ सालापासून तर तो नेमाने लिहू लागला. प्रत्येक कथेला गुण द्यावयाचे, आणि शास्त्राच्या कथेत प्रेमप्रकरणे कशाला घुसडता म्हणून कुरकुर करावयाची, हा त्याचा शिरस्ता. १९३८ च्या मे महिन्यात अंक ठरल्या दिवशी आला नाही, तेव्हा मासिक बंद पडले की काय या धास्तीने तो सरळ प्रकाशकाच्या कचेरीत जाऊन थडकला. प्रकाशनाचा वार बदलला आहे एवढेच कळले. पण कचेरीची वाट पायाखालची झाली. २१ जून १९३८ रोजी स्वतः लिहिलेली कथा घेऊन तो पुन्हा तेथे गेला आणि संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटला. पत्रांमुळे नाव त्यांच्या परिचयाचे होते. या अठरा वर्षांच्या मुलाशी ते बराच वेळ बोलत बसले.

ती कथा थोड्याच दिवसांत साभार परत आली. परंतु त्या भेटीने आपण लेखक होणार हे त्याच्या मनाशी निश्चित झाले. त्याच वर्षी, पत्रांखालचे नाव ओळखून शाळेतील एका जुन्या सोबत्याने त्याला कार्ड टाकले व विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळात बोलावले. तेथे त्याला डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल अशी मंडळी भेटली. त्याची छापून आलेली पहिली कथा मार्च १९३९ च्या ‘अमेझिंग’मध्ये आली, आणि ती स्वीकारणारे संपादक होते ‘धूमकेतू’वाले पामर. म्हणजे लेखक पत्रांच्या पानावरून आलेला आणि संपादकही चाहत्यांतूनच आलेला!

परंतु वाचकाचे पत्र केवळ लेखक घडवते असे नाही. ते कधी कधी माणसाला बंद खोलीतून बाहेर काढते. याचे उदाहरण गर्न्सबॅक यांच्या मासिकाच्याही आधीचे आहे. प्रॉव्हिडन्स या गावी हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट हा तरुण राहत होता. १९०८ साली मनाची उभारी खचल्यामुळे त्याचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले आणि पुढची पाच वर्षे तो जवळजवळ घरकोंबडा होऊन बसला. १९१३ साली ‘आर्गसी’ या मासिकातील एका लोकप्रिय लेखकाच्या प्रेमकथांचा त्याला उबग आला आणि त्याने संपादकांना खरमरीत पत्र लिहिले. त्यावर वाचक खवळले. उत्तरे आली, प्रत्युत्तरे गेली आणि कित्येक महिने हे भांडण चालले. त्यातले बरेचसे तर पद्यात! हा वाद हौशी मुद्रक-लेखकांच्या एका संस्थेच्या दृष्टीस पडला आणि १९१४ साली त्यांनी लव्हक्राफ्टला सभासद होण्याचे आमंत्रण दिले. तेथून त्याचे माणसांशी पुन्हा नाते जुळले. १९३७ साली वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. तोवर त्याने लिहिलेल्या पत्रांची संख्या ऐंशी हजारांपासून एक लाखापर्यंत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९३३ साली रॉबर्ट ब्लॉक नावाच्या एका शाळकरी मुलाने त्याला पत्र लिहिले, तेव्हा ‘तूही कथा लिहून पाहा’ असे लव्हक्राफ्टने उलट कळवले. या मुलाने पुढे १९५९ साली ‘सायको’ ही कादंबरी लिहिली. भांडणाच्या एका पत्रातून सुरू झालेली ही साखळी कोठवर गेली ते पाहावे.

या मंडळींचे सगळेच कौतुकास्पद होते असे मात्र नव्हे. भाराभर पत्रे लिहिणाऱ्यास तेथे ‘लेटरहॅक’ म्हणत. ‘हॅक’ म्हणजे पोटासाठी वाटेल ते खरडणारा लेखक. या शब्दात थट्टा आहे आणि थोडा तुच्छतेचा वासही आहे. पुष्कळ पत्रांत विचारापेक्षा नाव छापून यावे ही हौसच अधिक असे. ‘प्लॅनेट स्टोरीज’ या मासिकात तर उत्तम पत्रे कोणती ते वाचकांनी मते देऊन ठरवावयाचे आणि विजयी पत्रलेखकांना मासिकातील मूळ चित्रे बक्षीस मिळावयाची. दुसऱ्या काही मासिकांत ‘सार्जंट सॅटर्न’ असे सोंग घेऊन संपादक उत्तरे देत, आणि त्या सोंगाला शोभेल असाच पोरकटपणा पत्रांतही येई. भांडणे तर विचारूच नका. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा आपसातील कलहामुळे वोल्हाइम, पोल इत्यादी मंडळींना दारातूनच परत पाठवण्यात आले. ज्यांनी कागदावर एकमेकांना शोधून काढले, त्यांनाच प्रत्यक्षात एका सभागृहात बसणे जड गेले!

तरीही या सदरांचा एक गुण विसरता येत नाही. तेथे लिहिणाऱ्याला कोणी दाखला मागत नसे. कॅलिफोर्नियातील रिक स्नीअरी हा तरुण प्रकृतीने नाजूक होता. १९४० नंतरच्या दशकात मासिकांतून व हौशी पत्रांतून त्याची पत्रे सतत येऊ लागली. त्याचे शुद्धलेखन असे अचाट होते की, आम्हां शिक्षकांच्या हाती ती पत्रे पडली असती तर तांबड्या शाईची दौत रिकामी झाली असती. पण त्याच्या मित्रांनी ते अनेकदा जसेच्या तसे छापले, कारण त्या मोडक्या अक्षरांमागे एक उमदा, विनोदी आणि सरळ मनाचा माणूस आहे हे सर्वांना दिसत होते. तांबड्या शाईने पानावरची चूक दिसते; पानामागचा माणूस दिसण्यासाठी शाई पुरत नाही, हे कबूल केले पाहिजे. साउथ गेट या आपल्या लहानशा उपनगरात १९५८ साली जागतिक संमेलन भरवावे, अशी घोषणा स्नीअरीने १९४८ साली केली. आरंभी ती थट्टाच होती. परंतु दहा वर्षे पत्रांतून आणि पत्रकांतून ती घुमत राहिली. १९५८ साली संमेलन खरोखरच लॉस एंजेलिसला आले, आणि स्नीअरीचा शब्द खरा ठरावा म्हणून संमेलनाची जागा तेवढ्या दिवसांपुरती साउथ गेटमध्ये आहे असे नगराध्यक्षांच्या घोषणेने जाहीर करण्यात आले.

या सुमारास पत्रांचा मुक्काम हळूहळू मोठ्या मासिकांतून हलू लागला होता. ‘प्लॅनेट स्टोरीज’, ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ आणि ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’ ही पत्रांसाठी गाजलेली तिन्ही मासिके १९५५ साली बंद पडली. राहिली ती चाहत्यांची स्वतःची पत्रके. १९४० साली लुई रसेल शोव्हने या चाहत्याने त्यांना ‘फॅनझिन’ हे नाव दिले होते आणि तेच रूढ झाले. ती काढण्याची तऱ्हा मोठी कष्टाची असे. मेणकागदावर टंकलेखन करावयाचे, मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढवून हाताने फिरवावयाचे, पाने जुळवावयाची, टाचण्या मारावयाच्या आणि तिकिटे लावावयाची. कोणी जिलेटिनच्या थरावरून जांभळ्या शाईत प्रती काढी. त्या पन्नासाच्या आसपास निघत आणि शेवटच्या जेमतेम वाचता येत. आयर्लंडमधील बेलफास्ट येथे वॉल्ट विलिस यांनी तर १९४८ साली एकेक खिळा हाताने जुळवून आपले पत्र छापण्यास आरंभ केला.

या पत्रकांची किंमत पैशात थोडकी असे आणि पुष्कळदा ती घेतलीही जात नसे. अंक मिळवण्याचे राजमान्य मार्ग दोन होते. स्वतःचे पत्रक बदल्यात पाठवावयाचे, किंवा आलेला अंक वाचून त्यावर अभिप्रायाचे पत्र लिहावयाचे. पत्र हेच तेथले नाणे होते. हे नाणे किती खणखणीत होते ते विलिस यांच्या उदाहरणावरून कळते. ज्यांना कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशा या बेलफास्टच्या गृहस्थांना शिकागोच्या संमेलनास आणावे म्हणून अमेरिकेतील चाहत्यांनी वर्गणी जमवली, आणि १९५२ साली ते खरोखर समुद्र ओलांडून गेले. ओळख होती ती केवळ कागदावरची.

आता शेवटी मला ज्यांच्याविषयी मुख्यतः सांगावयाचे आहे, त्या हॅरी वॉर्नर यांच्याकडे येतो. १९२२ साली जन्मलेले हे गृहस्थ मेरीलँड राज्यातील हेगर्सटाउन या गावी राहत आणि तेथल्याच वृत्तपत्रात वार्ताहर म्हणून काम करीत. १९३८ साली, पंधरा वर्षांचे असताना, त्यांनी ‘स्पेसवेज’ नावाचे पत्रक काढले आणि १९४२ पर्यंत चालवले. ‘होरायझन्स’ हे त्यांचे दुसरे पत्रक १९३९ पासून त्यांच्या अखेरीपर्यंत निघत राहिले. पण त्यांची कीर्ती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. आपल्या पत्त्यावर आलेल्या जवळजवळ प्रत्येक हौशी पत्रकाला ते वाचून उत्तर पाठवीत. संपादक नामांकित असो की काल टंकलेखन शिकलेला शाळकरी पोरगा असो, अंक सुबक असो की अर्धा पुसट निघालेला असो, हेगर्सटाउनहून पत्र येई. त्यात अंकातील लेखांचा नावानिशी उल्लेख असे, एखादा मतभेद सौम्य शब्दांत नोंदवलेला असे आणि जुन्या काळची एखादी आठवण जोडलेली असे. त्यावरून हा मनुष्य अंक खरोखर वाचून लिहितो आहे हे कळे.

आणि हा मनुष्य प्रत्यक्षात फारसा कोणाला भेटत नसे! संमेलनांना जाणे त्यांना आवडत नसे. ‘हेगर्सटाउनचा संन्यासी’ असेच त्यांना नाव पडले होते. १९७१ साली बॉस्टनच्या जागतिक संमेलनात चाहत्यांपैकी सन्माननीय पाहुणे म्हणून त्यांना बोलावण्यात आले, एवढा त्यांचा मान होता. गर्न्सबॅक यांच्याच नावाने दिला जाणारा ‘ह्यूगो’ पुरस्कार उत्तम चाहता-लेखक म्हणून त्यांना १९६९ आणि १९७२ साली मिळाला. १९४० नंतरच्या दशकातील चाहत्यांचा इतिहास त्यांनी ‘ऑल अवर यस्टरडेज’ या नावाने लिहिला व तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यापुढच्या दशकाचा इतिहासही त्यांनीच लिहिला, आणि त्या ग्रंथाला १९९३ साली पुन्हा ह्यूगो मिळाला. साठ-पासष्ट वर्षे पत्रे वाचणाऱ्या आणि जपणाऱ्या माणसाखेरीज हा इतिहास दुसऱ्या कोणाला लिहिता आला असता? २००३ साली वॉर्नर वारले.

वॉर्नर यांनी मोठी कादंबरी लिहिली नाही आणि नवा विचारही मांडला नाही. मग त्यांचे मोल कशात? मला वाटते, ते एका साध्या गोष्टीत आहे. जो कोणी लिहून पाठवतो, तो मनाशी एक प्रश्न विचारीत असतो: हे कोणी वाचले का? या प्रश्नाला बहुतेकदा शांततेखेरीज उत्तर मिळत नाही. आमच्या वर्गातही एखादा मुलगा वहीत चार ओळींची गोष्ट लिहून आणतो, आणि आम्ही घाईत तिच्याखाली बरोबरची खूण करून मोकळे होतो. ती खूण म्हणजे उत्तर नव्हे, हे त्या मुलाला आमच्यापेक्षा अधिक चांगले कळते. अशा शेकडो मुलांना वॉर्नर यांनी जन्मभर उत्तर दिले. त्यांतील कोणी पुढे लेखक झाले असतील, कोणी नसतील. परंतु प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळाले, एवढे मात्र खरे.

एके काळी आया-बहिणी रद्दीत घालीत ती पत्रके आज अमेरिकेतील विद्यापीठांनी जपून ठेवली आहेत. रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्नीअरीचा संग्रह आहे. आयोवा विद्यापीठातही असा मोठा संग्रह आहे. पत्रांचे रूप बदलले आहे. मेणकागद आणि जांभळी शाई यांचे दिवस गेले आणि उत्तर आता क्षणात पोहोचते. परंतु वाचून, विचार करून, नावानिशी उत्तर देणारा मनुष्य पूर्वीही विरळा होता आणि आजही विरळाच आहे.

श्रोतेहो, आपणांपैकी कोणाला अलीकडे वाचलेली एखादी कथा, एखादा लेख मनापासून आवडला असेल, किंवा मुळीच पटला नसेल, तर त्या लेखकाला तसे चार ओळींत कळवावे. कळवताना तो खरोखर वाचून कळवावे. आणि घरातील मुलाने काही लिहून आपल्यापुढे धरले, तर हातातील काम क्षणभर बाजूला ठेवावे.